लकवा आणि नंतरचं घर: कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

बाबांना लकवा मारून वर्ष होत आलं. हातापायाचा व्यायाम सगळे सांगतात, माणूस आतून किती बदलतो ते कुणी सांगत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, त्यात उजवं अंग गेलं आणि बोलणंही. समजतं सगळं, पण चहा हवा असला की तोंडातून ‘चप्पल’ येतं आणि ते स्वतःवरच चिडतात. तुमच्याकडं काय झालं?

मंगळवार पेठ: आमच्या सासूबाईंचं उलट. मार उजव्या मेंदूला, त्यामुळं बोलणं ठणठणीत, पण डावी बाजू त्यांच्यासाठी उरलीच नाही. ताटातली उजवीकडची भाकरी संपवायच्या आणि ‘आमटी वाढलीच नाहीस’ म्हणून माझ्यावर रागवायच्या. आमटी डावीकडं तशीच! डोळे चांगले आहेत, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. हे कळेपर्यंत घरात फार भांडणं झाली. आता ताट फिरवून देतो, गप्पांना मुद्दाम डावीकडं बसतो.

कागल: दादा तालमीतला गडी. लकव्यानंतर टीव्हीवर कुस्ती लागली तरी हुंदके. दरवेळी ते दुःखच असतं असं नाही, भावनांवरचा मेंदूचा ताबा सुटतो, असं डॉक्टर म्हणाले. औषधानं बरंच कमी झालं. नैराश्य वेगळं. साधारण तिघांतल्या एकाला ते गाठतं. जेवण-झोप उडाली तर लगेच सांगा.

शाहूपुरी (फिजिओ): लुळा हात ओढून उठवू नका, खांदा निखळतो. गिळणं तपासल्याशिवाय पाणीही पाजू नका, फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. पहिले तीन महिने सुधारणा वेगानं होते, पण त्यानंतरही होत राहते.

गडहिंग्लज: काकांचं तोंड वाकडं झालं ते उसाच्या फडात. लोक म्हणाले, वारं गेलंय, झाडपाल्याला न्या. काकूनं कुणाचं ऐकलं नाही, १०८ ला फोन लावला. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे दिसल्यावर, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. रक्तस्राव असता तर तेच जिवावर बेततं. म्हणून स्कॅनआधी घरी अ‍ॅस्पिरिनसुद्धा नको. काकूमुळं काका आज फडात आहेत.

राजारामपुरी: धागा काढणाऱ्या ताईंसाठी. आमच्या आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण आरती सुरू झाली की सलग म्हणायचे. पाठ असलेलं आणि चालीतलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. स्पीच थेरपिस्टनं तोच धागा धरला, ‘पाणी दे’सुद्धा आधी चालीवर म्हणून घेतलं. बाबांना येणारा एखादा अभंग लावून बघा, आणि काय होतं ते इथं कळवा.