प्रतिसाद : मुठेच्या काठावरचे काम

पुण्यातील मुठा नदीच्या काठावर चालणाऱ्या स्वच्छतेवर ‘रविवारी कचरा वेचून मुठा स्वच्छ होणार नाही’ असा आक्षेप घेतला जातो; तो मला मान्य आहे. मात्र विठ्ठलवाडीचा काठ दत्तक घेणाऱ्या ‘जीवितनदी’ या संस्थेच्या स्वयंसेवकांचे काम तेवढ्यावर थांबत नाही. उंबराच्या मुळांत अडकलेल्या चिंध्या आणि दुधाच्या पिशव्या सोडवतानाच, घरी डिटर्जंटऐवजी रिठा वापरावा असे ते सांगतात, कारण साध्या मैलापाणी प्रक्रियेतून फॉस्फेट पुरते निघत नाही आणि त्यावर जलपर्णी पोसली जाते. (रिठ्याने पांढरे सदरे तितकेसे उजळत नाहीत, हे खरे!)

नदीकाठचा इतिहास जाणून घेण्याचा, म्हणजे वारशाचा मुद्दाही मला गौण वाटत नाही. ओंकारेश्वरापासून लकडी पुलापर्यंत एखाद्या जाणत्यासोबत चालत गेल्यास १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पाणी कुठवर चढले होते हे कळते, आणि पूररेषेतील भराव हा निव्वळ कागदावरचा वाद राहत नाही. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाखाली आज पावसाळा सोडला तर शहरात वाहते ते बहुतांशी सांडपाणीच. त्यामुळे धरणातून किमान प्रवाह सोडण्याची मागणीही या चर्चेत यायला हवी.