मदत हवी आहे: संगणकी वाद्यावर मींड तुटते

मंडळी, मी ग्वाल्हेरचा. प्युअर डेटामध्ये (आवाज घडवायची संगणक-प्रणाली) स्वतःचं वाद्य बांधतोय: लांब पट्टीवर बोट सरकवायचं, सूर संगणक काढतो. अडचण येते ती मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाताना. बोटाची जागा मिडीने (वाद्य आणि संगणक जोडायची पद्धत) पाठवतो, आणि मिडी कंट्रोलला १२८ पायऱ्या. तीन सप्तकांचे ३६०० सेंट (एका सप्तकाचे १२००) त्यात बसवले की एक पायरी साधारण २८ सेंटची. गंधारावरून षड्जावर येताना जिना उतरल्यासारखं ऐकू येतं. ग्वाल्हेरात वाढलेल्या कानाला हे सोसवत नाही! मिडीतल्याच पिच बेंडच्या (सूर वर-खाली वाकवणारा संदेश) १६३८४ पायऱ्या वापरू, की मिडी सोडून ओएससी (ओपन साउंड कंट्रोल, अधिक बारीक आकडे पाठवणारी पद्धत) घेऊ?

आणि खरं तर मोठा प्रश्न हा: यमन रागाचं चलन, म्हणजे सुरांमधून फिरायची त्याची रीत, वाद्यातच घालावं का? आरोहात सा-प टाळायला पट्टीलाच शिकवलं, तर वाद्य बांधतानाच निम्मी रचना होऊन जाते. मग वाजवणाऱ्याला मोकळीक किती ठेवायची? असं वाद्य कुणी केलं असेल तर सांगा. इंदूरला असाल तर घेऊन येतो.