फासेच नकोत, तर खेळायचं कशाला?

वीसचा_फासा: डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. त्यावरून काल इथे एकाने ठणकावलं, ‘नियमपुस्तक गुंडाळा, गोष्ट रंगवेल तोच खरा डीएम (खेळ चालवणारा), हिट पॉइंट (जीव किती उरला तो आकडा) मोजणारे सगळे कारकून.’ आमच्या विश्रामबागच्या ग्रुपात असाच एक मोकळा डीएम होता. माझ्या विझर्डने, म्हणजे जादूगाराने, फायरबॉल हा आगीचा गोळा टाकला. सहा बाजूंचे आठ फासे, बेरीज येईल तेवढे हिट पॉइंट जातात. समोरच्या गॉब्लिनचे, म्हणजे किरकोळ राक्षसाचे, हिट पॉइंट सात. सेव्ह (त्याचा बचावाचा फासा) हुकला की आठही फाशांवर एक-एक पडला तरी तो मेलाच. साहेब म्हणतात, ‘थोडे भाजले.’ लगेच त्यांच्या मित्राने झुंबराला लटकून सरदार मारला, फासा न टाकता! का, तर वर्णन भारी केलं. मग बोलक्यांनी जिंकायचं आणि आम्ही चहा सांगायचा?

चार_भिंती_सातारा: डीएम पक्षपाती होता, त्यात नियमांचा काय संबंध? पुस्तकवाला असता तर त्याने डीसी (फाशावर गाठायचा आकडा) वाढवून मारलं असतं. प्रशियाच्या युद्धखेळात 1824 पासून तक्ते नि फासे होते. 1876 मध्ये फॉन व्हर्डी या तिथल्याच सेनाधिकाऱ्याने ते बाजूला सारून निकाल पंचावर सोपवला. तिथे सेनाधिकारी खेळायचे, बरं का.

कृष्णाकाठ: प्रशिया कशाला? 1843 मध्ये आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं. सूत्रधार पदं म्हणायचा, नट आयत्या वेळी बोलायचे. मराठी नाटक जन्मलं तेच असं.

चार_भिंती_सातारा: जन्मलं? तंजावरचे शहाजीराजे सुमारे दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहीत होते.

कृष्णाकाठ: ते दरबारात!

चार_भिंती_सातारा: आणि भाव्यांचं काय एसटी स्टँडवर झालं? सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्याच आश्रयाने ना?

कृष्णाकाठ: असू दे. रंगभूमी दिन 5 नोव्हेंबरलाच असतो, आमच्यामुळे. तुम्हाला कंदी पेढे आहेत की.

वीसचा_फासा: झालं का दोघांचं? सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे शेवटच्या रांगेलाही ठाऊक असतं, म्हणून नट काहीही बोलले तरी चालतं. माझे गॉब्लिन मरणार की नाही, हे ठरायचं होतं.

रविवारची_पार्टी: मी मोकळाच चालवते. हिट पॉइंट अंदाजाने, इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा फासा) नाही, जो आधी बोलेल त्याच्यापासून गोल फिरायचं. पण कुणाचं कॅरॅक्टर मरायची वेळ आली की फासा सगळ्यांसमोर टाकते. पडेल ते पडेल.

वीसचा_फासा: म्हणजे ताई, तुम्हीही कारकूनच, फक्त अर्धा वेळ. चालेल. पण इनिशिएटिव्ह सोडणार नाही. आता ‘रोग’ हे चोरटं कॅरॅक्टर घेतलंय, सगळे पॉइंट डेक्स्टेरिटीत, म्हणजे चपळाईत, घातलेत; इनिशिएटिव्ह त्यावरच वाढतो. ते काय कोपऱ्यात बसून पाळीची वाट बघायला?