आत्मकरुणा म्हणजे लाड नव्हेत: नर्सिंगच्या मुलींविषयीच्या टिप्पणीला उत्तर

पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगच्या मुलींना शिकवणारी): "आताच्या नर्सिंगच्या मुली एका विषयात नापास झाल्या तरी कोलमडतात आणि महाविद्यालये त्यांना स्वतःवर माया करायला शिकवतात," असे परवा येथे कोणी लिहिले आणि त्याला भरघोस दाद मिळाली, म्हणून हे सविस्तर उत्तर. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची मांडणी केली, तेव्हा तीन अंगे सांगितली: स्वतःशी ममतेने वागणे, अपयश सर्वांच्याच वाट्याला येते हे ओळखणे आणि दुःख न दडपता, न फुगवता त्याकडे पाहणे. यात अभ्यास टाळण्याची सवलत कोठे आहे? सलाईन लावताना हात थरथरला म्हणून स्वतःला नालायक ठरवणारी मुलगी दुसऱ्या दिवशी त्या खाटेकडे फिरकत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे.

निवृत्त परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका): आम्ही रात्रपाळी करून सकाळी तासाला बसलो, तेव्हा आमच्यावर कोणी करुणा केली नव्हती. औषधाची मात्रा चुकली तर स्वतःला क्षमा करून रुग्ण बरा होतो का? आणि केस स्टडी, म्हणजे एका रुग्णाची सविस्तर नोंद, मागच्या बॅचच्या वहीतून उतरवणाऱ्यांनी चिवटपणावर बोलूच नये.

तिसरे वर्ष (नर्सिंगचे विद्यार्थी): उतरवतो, कारण ज्या रुग्णाची काळजी-योजना लिहायची, त्याच्याजवळ आम्हाला थांबू दिले जात नाही. वॉर्डात परिचारिका अपुऱ्या असल्यामुळे आमची पाळी नमुने प्रयोगशाळेत पोहोचवण्यात आणि खाटा लावण्यात जाते. त्यात २०२१ च्या नियमावलीपासून बी.एस्सी.ला वार्षिक परीक्षेऐवजी आठ सत्रे आली आहेत. एक संपते न संपते तोच दुसऱ्याचे अर्ज भरायचे असतात.

निवृत्त परिसेविका: खाटा लावणे हे आपल्याला हमालीचे काम वाटते, यातच सारे आले! चादर बदलताना रुग्णाला कुशीवर वळवले की पाठ दिसते, माकडहाडापाशी त्वचा लाल झाली आहे का ते कळते आणि बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) तेथेच रोखता येतो. आमच्या वॉर्डात एका वृद्धाची जखम प्रथम वर्षाच्या मुलीने याच कामात हेरली होती. त्या वेळी डॉक्टर नुकतेच राउंड घेऊन गेले होते.

तिसरे वर्ष: ती लाली म्हणजे काय, हे त्या मुलीला आधी कोणी तरी शेजारी उभे राहून दाखवले असेल ना? तसे दाखवणारे कोणी नसेल, तर ते शिक्षण नव्हे, बिनपगारी पाळी आहे. आपण रागावलात तरी हे असेच आहे.

निवृत्त परिसेविका: दाखवले होते, मीच दाखवले होते. ठीक आहे, शिकवणारे नसताना मुलींना राबवणे गैर आहे, एवढे आपले म्हणणे मान्य; आता पेढे वाटा. औषधाच्या मात्रेचे उत्तर मात्र कोणीही दिलेले नाही.

पाठ्यनिर्देशिका: मात्रा चुकली तर पहिले कर्तव्य ती तत्काळ कळवण्याचे असते, कारण रुग्णाला वाचवण्याचा अवधी तेवढाच असतो. चारचौघांत पाणउतारा होईल या धास्तीने जी मुलगी गप्प राहते, तिच्या चिवटपणाचा रुग्णाला काय उपयोग?

निवृत्त परिसेविका: मग कळवल्यावर स्पष्टीकरणाच्या कागदावर सही कोणाकोणाची घेतात, तेही त्याच वर्गात शिकवा.