मदत हवी आहे: बाबांचं होमोसिस्टीन ३४ आलंय

नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला राहतो. बाबा ६३ वर्षांचे, माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही आणि शुगरसाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. महिनाभर पायाला मुंग्या येतायत म्हणून टेस्ट केल्या तर बी१२ १३२ म्हणजे कमी आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो अ‍ॅसिड) ३४, रिपोर्टवर साधारण १५ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. डॉक्टरांनी बी१२ ची इंजेक्शनं आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं, पण मागे नंबर होता, दोन मिनिटांत बाहेर.

मी थोडं वाचलं. बी१२, फॉलेट (म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडवालं व्हिटॅमिन) कमी पडलं की होमोसिस्टीन साठतं, मग रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला त्रास होतो, तिथे नायट्रिक ऑक्साइड कमी मिळतं आणि नस हवी तशी सैल पडत नाही, गुठळीचीही शक्यता वाढते. इथवर कळलं. पण मग २००६ चा होप-२ अभ्यास सापडला, त्यात व्हिटॅमिन देऊन होमोसिस्टीन उतरलं पण हार्ट अ‍ॅटॅक काही कमी झाले नाहीत, स्ट्रोक मात्र थोडे कमी दिसले. मग हा आकडा नक्की गुन्हेगार आहे की नुसता साक्षीदार?

इंजेक्शनं तर घेणारच, मुंग्यांसाठी तरी. पण कोणाच्या घरी असं झालंय का, आकडा किती दिवसांनी उतरला? किडनी, थायरॉईडही तपासायला सांगितलं होतं का? हार्टवाल्याकडे जावं की न्यूरोवाल्याकडे? बाबा म्हणतात काही होत नाही, आणि रोज ब्रिजचे जिने चढून ठाणे लोकल पकडतात. आई तेवढी रडकुंडीला आलीये.