सीडीवर घरीच छापायले स्वस्तातला प्रिंटर कोणता घ्यावा?

खंजिरीवाला, ता. तिवसा
रामराम मंडळी. आमच्या भजन मंडळानं खंजिरी भजनं रेकॉर्ड केली हायेत, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाले मोझरीले येणाऱ्या लोकायले सीडी द्याचा विचार हाये, शे-दीडशे तरी लागतीन. पोरं म्हणतात लिंक पाठवा नाहीतर पेनड्राइव्ह द्या, पण आमच्याकडची म्हातारी माणसं सकाळी ध्यानाच्या टायमाले अजून तोच जुना डीव्हीडी प्लेअर लावतात, त्यायले लिंक काय कामाची. मार्करनं नाव लिहून देणं मले पटत नाही, महाराजांचा फोटो, मंडळाचं नाव, भजनाची यादी असं नीट छापलेलं पायजे. घरी लेझर प्रिंटर हाये. बजेट दहा हजार. गोल स्टिकरवर छापून चिकटवलं तर चालते का, की सीडीवरच छापणारा प्रिंटर घ्यावा लागन?

शूटिंगवाला, ब्रह्मपुरी
भाऊ, स्टिकरच्या भानगडीत पडू नका. आमच्या इकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, गाडीत ठेवलेल्या सीडीचा गोंद पातळ होते आणि कागदाची कड उचलते. एक गिऱ्हाईक कारचा प्लेअरच काढून घेऊन आलं होतं माझ्याकडं, आत सीडी फसलेली, स्टिकरची कड रोलरले गुंडाळलेली, चिमट्यानं कागद सोलून सोलून काढाव लागला. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये आणखी वाईट, तिथं डिस्क लय जोरात फिरते, स्टिकर जराही एका बाजूले सरकलं की थरथर सुरू. आणि वाकडं लागलं म्हणून ओढून काढाल त बसलात, सीडीचा डेटा खालून नाही, छापायच्या बाजूनं पातळ लॅकरच्या, म्हणजे वरच्या लेपाच्या, लगेच खाली असते, कागदासंगं चमकता थरच निघून येते. डीव्हीडीचं बरं हाये, तिचा डेटा ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मधात असते.

छापायचंच असंल त पांढऱ्या पाठीची इंकजेट प्रिंटेबल डिस्क आणि ट्रेवाला इंकजेट, म्हणजे डिस्क ठेवायचा ट्रे असलेला, दुसरा रस्ता नाही. एप्सन एल८०५ लय चालला आमच्या लायनीत, आता त्याच्या जागी एल८०५० हाये, सहा रंग, बाटलीची शाई. पण तो दहा हजारात बसत नाही, वीसच्या वर जाते. आणि लेझरमध्ये डिस्क घालायचा प्रयोग करू नका बाप्पा, आतमध्ये टोनर, म्हणजे रंगाची भुकटी, वितळवाची गरम पट्टी असते.

सेतूवाला, उमरखेड
शूटिंगवाल्या भाऊंशी सहमत, फक्त एक जोडतो. निव्वळ सीडीसाठी एवढा पैसा कायले घालता, तोच प्रिंटर पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) कार्डवर छापते, फोटो पण काढते. गावात एखाद्या शाळेचे आयकार्ड, पासपोर्ट फोटो, एवढं काम धरलं त मशीन पडून राहत नाही, आणि पडून राहिलेला इंकजेट म्हणजे हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, जाम झालाच समजा, आपल्या उन्हाळ्यात त लवकरच. आठवड्यातून एक रंगीत पान काढतच जा. दुसरं म्हणजे लाईन. छापता छापता लाईन गेली की हेड मधातच थांबते, आपल्या जागेवर जाऊन झाकल्या जात नाही, तसाच उघडा वाळत राहते. भारनियमन असलेल्या गावात युपीएसशिवाय इंकजेट घेऊच नये अशा मताचा मी हाये. बंद करतानाही मशीनच्या बटनानं करायचं, बोर्डाच्या नाही.

जुना एल८०५ स्वस्तात मिळू शकते, पण आधी नोझल चेक, म्हणजे सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते दाखवणारं पान, काढून पाहा आणि वाया गेलेली शाई शोषणारा वेस्ट इंक पॅड भरत आला का ते विचारा.

बुक बायंडर, आर्वी
मी जरा वेगळं सांगतो. शे-दीडशे सीडीसाठी काहीच घेऊ नका. तुमच्याकडं लेझर हाये ना, मग कव्हर छापा. सीडी आत बसंल एवढं, जाड कागदावर, समोर महाराजांचा फोटो आणि मागं भजनाची पूर्ण यादी. म्हाताऱ्या माणसाले सीडीवरचे बारीक अक्षरं दिसत नाहीत, कव्हरवर मोठ्या टायपात यादी देता येते. लेझरचं छापलेलं ओल्या हातानं फिसकटत पण नाही, इंकजेटच्या सीडीवर पाण्याचा थेंब पडला की रंग पसरते. सीडीवर फक्त मंडळाचं नाव आणि नंबर, पाण्याच्या शाईचा सीडी मार्कर भेटते त्यानं.

खंजिरीवाला, ता. तिवसा
सगळ्यायचे लय आभार. कव्हरची गोष्ट मनाले भिडली, यादी मोठ्या अक्षरात पायजेच होती. पण सीडी कोरी द्याव लागणं जिवावर येते, कव्हर हरवते आणि डिस्क इकडंतिकडं पडून राहते, मंग कोणती कोणाची काही समजत नाही. तिवशात एका स्टुडिओवाल्याकडं ट्रेवाला एप्सन हाये म्हणतात, डिस्क मी आणल्या त तो छापून देईन का ते पाहतो. प्रिंटेबल डिस्क कुठं भेटतीन? आणि आधी रेकॉर्ड कराव का आधी छापाव?

शूटिंगवाला, ब्रह्मपुरी
डिस्क नागपूरले सीताबर्डीच्या बाजारात विचारा, पन्नासचा डबा घ्या, डब्यावर प्रिंटेबल लिहिलेलं पाहूनच. ज्याच्यात छापायची जागा मधल्या छेदाच्या जवळपर्यंत येते तो घ्या, नाहीतर मधात मोठी रिंग कोरी राहते. आधी रेकॉर्ड करा, वाजवून पाहा, मंगच छापा, बिघडलेल्या डिस्कवर शाई वाया जात नाही. जुन्या प्लेअरवर लावायची त ऑडिओ सीडीच बनवा, ८० मिनिटांत बसवा, एमपीथ्री सगळेच प्लेअर वाचत नाहीत. एक डिस्क खराब झालेली जवळ ठेवा, तिच्यावर पहिले छापून मधोमध येते का पाहा, अर्धा-एक मिमी सरकलेलं असते, सॉफ्टवेअरमध्ये जुळवता येते. छापल्यावर एक दिवस एकेक मोकळी वाळू द्या, एकावर एक रचू नका, आणि कूलरच्या खोलीत त बिलकुल नाही, तिथल्या दमट हवेत शाई चिकचिकच राहते.