घरी बांधलेल्या विमानात अल्टरनेटरच्या फील्डला फ्यूज द्यावा की सर्किट ब्रेकर?

अंत्रुजकर:

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या शेडमध्ये आम्ही दोघे भाऊ दोन आसनी धातूचे विमान बांधत आहोत. सांगाडा आणि पंख पूर्ण झाले असून आता वायरिंगला हात घातला आहे. इंजिन लायकमिंग ओ-२३५, बॅटरी लेड-अ‍ॅसिड, अल्टरनेटर ६० अँपिअरचा आणि व्होल्टेज रेग्युलेटर अल्टरनेटरच्या बाहेर स्वतंत्र बसवलेला, अशी सगळी यंत्रणा १४ व्होल्टची आहे. पॅनेलवर ब्रेकरच्या रांगा नकोत, म्हणून गाड्यांत असतात तशा पात्यांच्या फ्यूजच्या ब्लॉकवर सर्व लोड घेण्याचे आम्ही ठरवले आहे आणि हा ब्लॉक पॅनेलच्या मागे, पायांच्या वर राहील.

प्रश्न असा की, रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज चढू लागले, तर रेडिओ आणि ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र) वाचवण्यासाठी फील्डच्या, म्हणजे ज्याच्या करंटवर अल्टरनेटरचे व्होल्टेज ठरते त्या आतल्या वेटोळ्याच्या, वायरीला ५ अँपिअरचा फ्यूज पुरेल, की तिथे ब्रेकरच हवा? थोरल्या भावाचे म्हणणे असे की फ्यूज ब्रेकरपेक्षा लवकर तुटतो, म्हणून तोच अधिक भरवशाचा. हार्डवेअरच्या दुकानात घरगुती ६ अँपिअरचा एमसीबीही सहज मिळतो, तो चालेल का? डीजीसीएच्या परवानगीचा आणि तपासणीचा विषय वेगळा आहे, तो इथे नको.

तिसवाडीकर:

अंत्रुजकर, तुमच्या भावाचे म्हणणे एका अर्थी खरे आहे, पण ते या प्रश्नाचे उत्तर नव्हे. फ्यूज असो वा ब्रेकर, दोघांनाही फक्त करंट कळतो, व्होल्टेज कळत नाही. हिशेब करून पाहा. फील्डच्या वेटोळ्याचा रोध साधारण ४ ओम धरला, तर १४ व्होल्टला त्यातून ३.५ अँपिअर जातात. रेग्युलेटर शॉर्ट होऊन फील्डला पूर्ण व्होल्टेज मिळू लागले आणि बस (सगळ्या लोडना वीज वाटणारी मुख्य पट्टी) १६ व्होल्टवर गेली, तरी करंट ४ अँपिअरच होतो. ५ अँपिअर व्हायला बस २० व्होल्टवर जावी लागेल, आणि ५ अँपिअरचा फ्यूज ५ अँपिअर निमूटपणे वाहून नेतो. पात्यांच्या फ्यूजच्या मानकाप्रमाणे ठरलेल्या करंटच्या १३५ टक्क्यांवर तो तुटायला पाऊण सेकंदापासून १० मिनिटांपर्यंत कितीही वेळ घेऊ शकतो. म्हणजे बस २७ व्होल्टवर जाऊन तिथेच थांबली, तरी १० मिनिटे तुमचा फ्यूज शाबूत राहण्याची शक्यता आहे आणि तोवर तुमच्या रेडिओचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असेल. ब्रेकरची गतही याहून वेगळी नाही.

म्हणून आधी व्होल्टेज ओळखणारे काहीतरी हवे. सर्वांत जुनी आणि सोपी रीत क्रोबार मॉड्यूलची आहे. बस १६ व्होल्टच्या थोडी वर गेली (नेहमीची मर्यादा १६.२ च्या आसपास असते) की त्यातला एससीआर (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) सुरू होतो आणि फील्डची वायर सरळ जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या सांगाड्याला, जोडतो. त्या मार्गाचा एकूण रोध ०.१ ओम धरला, तर करंट शंभरीच्या पुढे जातो, ५ अँपिअरचा ब्रेकर क्षणात उडतो, फील्ड मरते आणि अल्टरनेटर थांबतो. एवढा थोडा वेळ व्होल्टेजला आवर घालण्याचे काम लेड-अ‍ॅसिड बॅटरी करते, कारण चढत्या व्होल्टेजला ती बराच करंट गिळते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. या जागी फ्यूजही तुटेल, किंबहुना ब्रेकरच्या आधी तुटेल. तरीही मी इथे ब्रेकरच देतो, कारण क्षणिक धक्क्याने क्रोबार विनाकारण सुरू झाल्यास वैमानिकाने अल्टरनेटरचा स्विच बंद करावा, ब्रेकर एकदाच आत ढकलावा आणि स्विच पुन्हा चालू करून व्होल्टमीटर पाहावा, हे उड्डाणात शक्य असते. पायांच्या वर बसवलेल्या ब्लॉकमधला फ्यूज मात्र हवेत बदलता येत नाही, आणि बदलण्याचा प्रयत्न कोणी करूही नये. रेडिओ, दिवे, पंप यांचे फ्यूज जिथे आहेत तिथेच राहू द्या. त्यांचे काम वायर वाचवण्याचे आहे (२२ गेजला ५, २० गेजला ७, १८ गेजला १० अँपिअर हा ढोबळ हिशेब) आणि ते काम ते उत्तम करतात. संपूर्ण विमानात ब्रेकर एकच, तोही फील्डचा.

एमसीबीचे म्हणाल तर तो २३० व्होल्ट एसीसाठी बनवलेला असतो. एसीचा प्रवाह दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते; डीसीत ती सवलत नसते. शिवाय तो भिंतीवरच्या डब्यात बसायला बनवलेला आहे, थरथरणाऱ्या पॅनेलवर नव्हे. गाड्यांच्या दुकानात मिळणारा, थंड झाल्यावर आपोआप जुळणारा ब्रेकर तर मुळीच घेऊ नका. तो जुळेल, क्रोबार पुन्हा शॉर्ट करील, तो पुन्हा उडेल, आणि हा खेळ तुम्ही उतरेपर्यंत चालू राहील.

पेडण्याचा पाहुणा:

तिसवाडीकरांचा हिशेब मान्य आहे, पण मुद्दाम शॉर्ट करून बिघाड आवरणे मला पटत नाही. त्याऐवजी फील्डच्या वायरीत एक रिले मालिकेत घालावा; व्होल्टेज ओळखणारे सर्किट तो उघडील, करंट कधीच ४ अँपिअरच्या वर जाणार नाही, आणि मग तिथे फ्यूज ठेवला तरी बिघडत नाही, कारण पूर्ववत करण्याचे काम स्विचने होते.

वाचणाऱ्या इतरांसाठी आणखी एक गोष्ट. क्रोबारची ही रीत रेग्युलेटर बाहेर असलेल्या अल्टरनेटरलाच लागू होते. गाड्यांच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर पोटातच असतो आणि बहुतेकांत फील्डला करंट मुख्य आउटपुटमधूनच मिळतो. तिथे कंट्रोलची बारीक वायर तोडून बिघडलेला अल्टरनेटर थांबेलच याचा भरवसा नाही. त्यासाठी मुख्य वायरीत कॉन्टॅक्टर (मोठा करंट तोडणारा रिले) घालतात, पण भर लोडवर तो उघडला तर व्होल्टेजची उसळी येऊन चांगला रेग्युलेटरही जळू शकतो. रोटॅक्स ९१२ या इंजिनात तर कायमचुंबकाचा जनरेटर असल्यामुळे तोडायला फील्डच नसते; तिथे जनरेटर आणि रेग्युलेटर यांच्यामधली वायर रिलेने उघडावी लागते. आणि ज्यांना वजन वाचवण्यासाठी लिथियम बॅटरी हवी आहे, त्यांनी जपून राहावे. व्होल्टेज चढले की तिच्या पोटातले संरक्षण बॅटरीच बाजूला करते, म्हणजे ज्या क्षणी बॅटरीची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ती नाहीशी होते.

तिसवाडीकर:

रिलेच्या रीतीला माझा विरोध नाही. फक्त रिलेचे संपर्क रोज बंदच राहतात; ते चिकटून बसले, तर हे हवेत गेल्याशिवाय कळत नाही. ती रीत वापरणाऱ्याने दर वर्षी तो उघडतो का हे तपासावे. १६ व्होल्टला ४ अँपिअर तोडताना वेटोळ्याची उसळी येते, म्हणून फील्डला उलटा डायोडही लावावा.

मांडवीकाठ:

मी विमानवाला नव्हे, खनिजाच्या बार्जेसवर आणि ट्रॉलर्सवर २४ व्होल्टचे वायरिंग करतो. पण अल्टरनेटर आणि रेग्युलेटर तेच, म्हणून लिहितो. आपल्याकडे ज्याला रेग्युलेटरचा बिघाड समजतात, तो निम्म्या वेळा रेग्युलेटरचा नसतोच. व्होल्टेज मोजणाऱ्या वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) खारी हवा लागून हिरवा कळंक चढतो, तिथे रोध वाढतो, रेग्युलेटरला बस खरी असते त्यापेक्षा खाली दिसते, आणि तो प्रामाणिकपणे व्होल्टेज वर ढकलत राहतो. मीटरचा काटा थरथरतो, दिवे धडधडतात. विमानात अशा वेळी क्रोबार सुरू होईल आणि दोष मॉड्यूलच्या माथी बसेल.

आषाढ-श्रावणात शेडमध्ये उभे राहणारे यंत्र असेल, तर कथिलाचा मुलामा दिलेलीच वायर घ्यावी. टेफझेलच्या आवरणाची विमानाची वायर तशी मिळते. क्रिंप नीट दाबून वर गोंद असलेली नळी आकसवावी. फ्यूज-ब्लॉकच्या चिमट्यांकडेही पाहावे, कारण चिमटा सैल किंवा काळा पडला की फ्यूज न तुटता प्लास्टिक वितळते. पावसाळा संपला की प्रत्येक फ्यूज एकदा काढून पुन्हा बसवावा आणि ब्रेकर ओढून-ढकलून हलता ठेवावा.

अंत्रुजकर:

मनापासून आभार. मांडवीकाठ यांचा सल्ला तर आमच्या शेडला तंतोतंत लागू पडतो. तेव्हा क्रोबार आणि ५ अँपिअरचा ब्रेकर घेतो. आता एक शंका. ब्रेकर पॅनेलवर आणि बस मागे ब्लॉकवर, मध्ये हातभर २० गेजची वायर. तिला ब्लॉकमधून ७.५ अँपिअरच्या फ्यूजमधून घेतले तर चालेल ना?

तिसवाडीकर:

नाही. इथेच पुष्कळ जण फसतात. क्रोबारच्या शंभरेक अँपिअरला ७.५ चा फ्यूज ५ च्या ब्रेकरआधी तुटेल. ब्रेकर आत बसलेला दिसेल, तुम्ही तो पुन्हा पुन्हा ढकलाल आणि अल्टरनेटर मात्र येणार नाही. बसच्या स्टडपासून (वायर जोडायच्या बोल्टपासून) ब्रेकरपर्यंत फ्यूजिबल लिंक, म्हणजे फ्यूजसारखा जळणारा बारीक वायरीचा तुकडा, द्या. ती वायरीपेक्षा चार नंबरने बारीक असावी, म्हणजे २० गेजला २४ गेज (गेजचा नंबर वाढला की वायर बारीक), सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि सिलिकॉन लावलेल्या काचतंतूच्या नळीत घातलेली. ती इतकी सावकाश तापते की ब्रेकर उडेपर्यंत तिला काही होत नाही, आणि मधली वायर घासून जमिनीला लागली तर मात्र ती नळीतच जळून मार्ग तोडते.

विमानात बसवण्यापूर्वी मॉड्यूल बाकावर तपासा. व्होल्टेज बदलता येणाऱ्या सप्लायला १२ व्होल्टचा छोटा बल्ब मालिकेत जोडा, त्यापुढे मॉड्यूल, आणि मॉड्यूलच्या दोन टोकांना मल्टिमीटर. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या. १६ च्या थोडे पुढे गेल्यावर बल्ब एकदम पेटला पाहिजे आणि व्होल्टेज पुन्हा १४ वर आणले तरी विझता कामा नये, कारण एससीआर एकदा सुरू झाला की सप्लाय तोडेपर्यंत सुरूच राहतो. १५ च्या आतच पेटला तर तो मॉड्यूल परत करा.

आणि बस १३ व्होल्टच्या खाली जाताच लुकलुकणारा एक दिवा डोळ्यांसमोर लावा. ब्रेकर उडाला हे तुम्हांला ब्रेकरकडे पाहून कळणार नाही, त्या दिव्यावरून कळेल. त्यानंतर अनावश्यक लोड बंद करून बॅटरीवर किती वेळ काढता येतो, हे जमिनीवर इंजिन बंद ठेवून एकदा प्रत्यक्ष मोजून घ्या.